मोफत साक्षरता वर्ग: पाटीवर पहिलं अक्षर काढण्याआधी काय करायचं आणि नंतर कोणत्या क्रमाने

गावात किंवा वस्तीत प्रौढांचा वर्ग सुरू होतो. पहिल्या दिवशी पंचवीस जणी येतात, फोटो निघतात. तिसऱ्या आठवड्यात सहाजणी उरतात आणि दिवाळीनंतर वर्गच बंद पडतो. शिकवणारे म्हणतात, ‘बायकांना आवड नाही.’ बहुतेक वेळा आवडीचा काही संबंध नसतो. वेळ शिक्षकाच्या सोयीने ठरलेली असते, चष्म्याची चौकशी कुणी केलेली नसते आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर ‘अ आ इ ई’ लिहून झालेलं असतं. पुढचा क्रम एका वर्गासाठी, म्हणजे आठ ते दहा शिकणाऱ्यांसाठी आणि एका स्वयंसेवकासाठी आहे. संख्या जास्त असेल तर दुसरा वर्ग काढा, पहिला फुगवू नका.

सध्या महाराष्ट्रात असे वर्ग मुख्यतः ‘उल्लास’ म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमाखाली चालतात. हा कार्यक्रम २०२२-२३ ते २०२६-२७ या पाच वर्षांसाठी असून तो १५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी आहे. नोंदणी शाळेमार्फत किंवा उल्लास ॲपवर होते. शिकणाऱ्याला कुठेही पैसे भरावे लागत नाहीत. फॉर्मचे म्हणून कुणी वीस रुपये जरी मागितले तरी देऊ नका.

टप्पा १. यादी: विचारू नका, कागद हातात द्या

‘तुम्हाला लिहिता-वाचता येतं का?’ या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही. चारचौघांत कुणी ‘नाही’ म्हणत नाही. ज्याला फक्त सही येते तोही ‘येतं की’ म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंच असतं. त्यापेक्षा घरोघरी जाताना तीन कागद बरोबर ठेवा.

१. पाच नावांची चिठ्ठी, त्यातलं एक नाव समोरच्या व्यक्तीचं. ‘यात तुमचं नाव कुठं आहे?’
२. मोठ्या अक्षरातली एक साधी ओळ: ‘आज बाजार आहे.’
३. जुनं विजेचं बिल. ‘यात भरायची रक्कम कोणती?’

यातून तीन गट पडतात. पहिल्या गटाला अक्षरओळख अजिबात नसते. दुसरा गट दुसरी-तिसरीपर्यंत शाळेत गेलेला आणि विसरलेला असतो. तिसऱ्याला अडखळत वाचता येतं, पण लिहिता येत नाही. पहिला आणि दुसरा गट एकत्र बसवण्याची चूक सगळीकडे होते. विसरलेल्यांना चार दिवसांत आठवायला लागतं, त्या भराभर उत्तरं देतात आणि शेजारची कोरी पाटी धरलेली बाई पाचव्या दिवशी घरीच थांबते. दोन वर्ग शक्य नसतील तर निदान दोन कोपरे करा.

*सावधान:* ‘अडाणी’, ‘अंगठेबहाद्दर’ हे शब्द थट्टेतही नकोत. ‘निरक्षर’ हा शब्द रकान्यात राहू द्या, तोंडी आणू नका.

टप्पा २. वेळ आणि जागा त्यांच्याकडून ठरवून घ्या

बैठक बोलावून ‘सात वाजता चालेल ना?’ विचारलं की सगळ्या माना डोलावतात आणि सातला स्वयंपाकात असतात. चिंचोके घ्या. तीन वाट्या मांडा: दुपार, संध्याकाळ, रात्रीच्या जेवणानंतर. वाटीवर चित्र ठेवा, उदाहरणार्थ सूर्य, चूल आणि चंद्र. प्रत्येकीने एक चिंचोका टाकायचा. सासूसमोर बोलावं लागत नाही, त्यामुळे खरं मत बाहेर येतं.

घरी असणाऱ्या वयस्कर बायकांना बहुधा दुपारी दोन ते चार सोयीचं पडतं. ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळाही दुपारी दोन ते चार याच वेळेत भरते. मजुरीला जाणाऱ्यांसाठी रात्री साडेआठ ते दहा.

वर्षाचं गणितही आधी मांडा. ‘उल्लास’ची मूल्यमापन चाचणी (टप्पा १०) मार्चमध्ये असते, असं धरून मागे मोजत या. आठवड्याला पाच दिवस, रोज दीड तास धरला तर २० आठवड्यांत १५० तास होतात. कापूस-सोयाबीनच्या हंगामात आणि दिवाळीत चार आठवडे हमखास जातात. म्हणून २४ आठवडे हाताशी ठेवा, म्हणजे गणपती विसर्जनानंतर लगेच सुरुवात. कोकणात आणि भाताच्या पट्ट्यात जून-जुलैत लावणी चालते, तेव्हा वर्ग काढणं व्यर्थ. ऊसतोडीच्या गावांतली माणसं दसरा-दिवाळीनंतर कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांची नावं यादीत घालून हजेरी शून्य दाखवण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी एप्रिल-मेचा वेगळा वर्ग लावा किंवा फडावरच्या टोळीत आठवी-नववी शिकलेलं कुणी आहे का ते निघण्याआधी शोधून त्याच्या हाती साहित्य द्या.

समाजमंदिर, अंगणवाडीची खोली, एखादीची पडवी यांतलं काहीही चालतं. शाळेची खोली मिळाली तर लहान मुलांच्या बाकांवर प्रौढांना बसवू नका; गुडघे अडकतात आणि बसल्या बसल्याच आपण चुकीच्या जागी आल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा सतरंजी बरी. रात्रीच्या वर्गाला एक बल्ब पुरत नाही. फळ्यावर एक आणि बसणाऱ्यांच्या पाठीमागून एक असे दोन ट्यूबलाइट लावा.

टप्पा ३. डोळे

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं. ज्या बाईने कधी छापील अक्षर वाचलेलंच नाही, तिला ते कळत नाही. तिला वाटतं, आपल्या डोक्यातच काही शिरत नाही. पहिल्या आठवड्याआधी सुईत दोरा ओवायला सांगा, नाहीतर तांदळातले खडे निवडायला. हात लांब धरत असेल किंवा सून ओवून देत असेल, तर चष्मा हवा. ग्रामीण रुग्णालयात किंवा नेत्रशिबिरात तपासणी मोफत होते. सगळ्यांना एकाच दिवशी घेऊन जा, एकेकट्या जात नाहीत.

*तपासा:* चष्मा हातात येईपर्यंत त्या व्यक्तीला फक्त पाटीवरची दीड-दोन इंची अक्षरं द्या. प्रवेशिका, म्हणजे शिकण्याचं पहिलं पुस्तक, नंतर.

टप्पा ४. साहित्य (दहा जणांसाठी)

• पाट्या १२ आणि पाटीवरच्या पेन्सिलींची दोन खोकी. दोन पाट्या बरोबर आलेल्या पोरांसाठी. त्यांच्या हाती काही नसेल तर ती आईला लिहू देत नाहीत.
• जाड शिसपेन्सिली २०, शार्पनर २, चाररेघी वह्या १०.
• पुठ्ठ्याची अक्षरकार्डं, पोस्टकार्डाच्या आकाराची. एकाच दिवशी सगळी करू नका, गटागटाने करा.
• तीन बाय चार फुटांचा फळा.
• बँकेच्या पैसे भरण्याच्या आणि काढण्याच्या कोऱ्या स्लिपा प्रत्येकी २०.
• जुनी एसटी तिकिटं, विजेची बिलं, गोळ्यांची रिकामी पाकिटं, भिंतीवरची दिनदर्शिका.

शासनाची प्रवेशिका शाळेतून मिळते. ती वापरा, पण पहिल्या दिवसापासून हातात देऊ नका.

टप्पा ५. स्वयंसेवकाला दोन दिवस तयार करा

आठवीच्या पुढचा विद्यार्थीही स्वयंसेवक होऊ शकतो. घरी आजीला रोज दहा मिनिटं वाचून घ्यायला नातवंड उत्तम. पण वर्गासमोर फळ्यापाशी शक्यतो मोठं माणूस असावं. पंधरा वर्षांच्या मुलाने पन्नाशीच्या काकांची चूक सगळ्यांदेखत सांगितली की काका परत येत नाहीत. सुनेने सासूला शिकवायचं ठरत असेल तर दोघींना वेगवेगळं विचारून घ्या.

स्वयंसेवकाला सांगायच्या गोष्टी थोड्याच. हाक मारायची ती ताई, काकू, मावशी, आजी, दादा, काका अशी. ‘अहो-जाहो’ सोडायचं नाही. उभं राहून वाचायला लावायचं नाही. चुकीवर लाल फुली मारायची नाही, बरोबर अक्षर शेजारी काढून द्यायचं. आणि बोलीला हात लावायचा नाही. ‘पानी’ म्हणणाऱ्या बाईला ‘पाणी म्हणा’ असं दहा वेळा सांगून तिचा आवाज बंद होतो, बाकी काही होत नाही. ‘आपण असं बोलतो, कागदावर असं लिहितात’ एवढंच म्हणा. घरी भिली, गोंडी, कोरकू बोलणाऱ्यांच्या वर्गात ओळखीची नावं आणि वस्तूंपासूनच सुरुवात करा. नाहीतर त्यांना एकाच वेळी भाषा आणि लिपी अशा दोन गोष्टी शिकाव्या लागतात.

टप्पा ६. पहिला आठवडा: नाव, रांगोळी आणि पेन्सिल

पहिल्या दिवशी प्रत्येकीला तिच्या नावाचं कार्ड द्या. रोज आल्यावर दहा कार्डांतून आपलं शोधून हुकाला लावायचं, हीच हजेरी. मात्र नावाची फोड करून अक्षरं शिकवायला जाऊ नका. ‘द्रौपदा’ किंवा ‘लक्ष्मी’ या नावांत पहिल्याच दिवशी जोडाक्षर येऊन बसतं. नाव सध्या चित्रासारखं ओळखू द्या.

खुरपं धरलेल्या बोटांना पेन्सिल पेलत नाही. ती घट्ट धरली जाते, टोक मोडतं, कागद फाटतो. म्हणून सुरुवात जमिनीवर. उभी रेघ, आडवी रेघ, अर्धगोल, गाठ: हे सगळं रांगोळी काढणाऱ्या हाताला येतं. दोन दिवस रांगोळी किंवा वाळू, दोन दिवस पाटी आणि पाचव्या दिवशी वही. पेन्सिलीला सुती दोरा गुंडाळून ती जाड केली तर आणखी बरं.

शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावरच मारायला शिकवा. आधी रेघ ओढून खाली अक्षरं टांगायची सवय लागली की दोन शब्द एकाच दांडीवर लोंबकळतात आणि शब्द कुठे संपला ते वाचताना कळत नाही.

टप्पा ७. अक्षरांचा क्रम

मुळाक्षरं ओळीने घेऊ नका. ‘क ख ग घ ङ’ शिकून एकही कामाचा शब्द वाचता येत नाही. पाच-पाच व्यंजनांचे गट आणि प्रत्येक गटाला एक खूण, दोन आठवड्यांना एक गट:

पहिला गट: क म न र ग, सोबत काना. लगेच वाचता येतात: काम, कान, नाक, मका, नाका, गरम, नगर, करार, कामगार. ‘काका, काम करा’ हे पूर्ण वाक्य पहिल्या पंधरवड्यात वाचून होतं.

दुसरा गट: प ण स ल ब, सोबत दुसरी वेलांटी. पाणी, पगार, बस, साबण, सरपण, बाकी. ‘पगार बाकी’ वाचताना वर्गात हसू फुटतं.

तिसरा गट: च ह त द ळ, सोबत मात्रा. चहा, हात, तेल, हळद, केळी, सकाळ, गहाण. आणि सातबारा. सहाव्या आठवड्यात ‘सातबारा’ हा शब्द स्वतः वाचता आला की हजेरीची काळजी बरीच कमी होते. ज्या कागदावर आजवर अंगठा दिला, त्याचं नाव आता वाचता येतं.

पुढचे गट याच पद्धतीने तुमच्या गावाच्या शब्दांवरून पाडा. दोन पथ्यं पाळा. एकसारखी दिसणारी अक्षरं, म्हणजे घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष, एकाच गटात घालू नका. मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. आणि पहिली वेलांटी उशिरा घ्या. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, त्यामुळे नवशिका तिथे हमखास अडतो. दुसरी वेलांटी कानाला ऐकू येते त्याच जागी लिहिली जाते, शिवाय मराठीत शब्दाच्या शेवटी बहुधा तीच असते: पाणी, भाजी, चावी, सही.

जोडाक्षरं शेवटी, पण तीही पाट्यांवरून: ग्रामपंचायत, जिल्हा, रक्कम, आधार कार्ड, महाराष्ट्र. ‘र’ची रूपं (ग्रा, र्ड, ष्ट्र, ऱ्या) एका दिवसात संपवायचा मोह होतो. प्रत्येकाला दोन दिवस द्या.

*तपासा:* शिकणारी खरंच वाचते आहे की पान पाठ झालं आहे? चित्र हाताने झाका आणि ओळी खालून वर वाचायला सांगा. मग शिकलेल्याच अक्षरांचा, पण पुस्तकात नसलेला शब्द द्या: ‘कमान’. जमलं नाही तर पुढचा गट सुरू करू नका.

टप्पा ८. अंक, पहिल्या आठवड्यापासूनच

बाजारात पावशेर-दीडपावाचा हिशेब तोंडी करणाऱ्या माणसाला ‘एक, दोन, तीन’ म्हणायला लावू नका. हिशेब येतोच, खूण येत नाही. नोटांपासून सुरू करा. नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते; वरून आठवी ओळ मराठी. अक्षरं बारीक असतात, भिंग लागतं, पण रोज हाताळलेल्या नोटेवर ‘शंभर रुपये’ सापडतं.

देवनागरी आणि मोबाइलवरचे अंक दोन्ही शिकवा, आधी मोबाइलवरचे. तिकीट, पासबुक, गॅसची पावती यांवर तेच असतात.

चुका ठरलेल्या आहेत. ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिलं जातं, कारण मराठीत एकक आधी उच्चारतो. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा याच गाठीवरून राज्यभर वाद झाला होता. प्रौढांच्या वर्गात तो वाद नको. पन्नासची नोट आणि तीन नाणी मांडा, डावीकडे नोटेचा अंक, उजवीकडे नाण्यांचा. दुसरी चूक ‘एकशे पाच’ची: १००५ लिहितात. शेकडा, दशक, एकक असे तीन रकाने आखा आणि मधला रिकामा राहिला की तिथे शून्य. तिसरी पासबुकातली: २५००.०० म्हणजे अडीच लाख वाचतात. टिंबाच्या पुढचं बोटाने झाकायची सवय लावा. दुकानाच्या काट्यावरचे ०.२५० म्हणजे पाव किलो, ही गोष्ट एक संध्याकाळ देऊन शिकवण्यासारखी आहे. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला जाणवते.

टप्पा ९. सही आणि बँक

सही महिन्याभरात येते आणि तिथेच अनेकजणी थांबतात. त्यांना थांबवायचं नाही, पण घाई आवरायची. बँकेत अंगठ्याऐवजी सही करायची तर शाखेत ओळखपत्र आणि फोटो देऊन नमुना सही नोंदवावी लागते. ती कच्ची असताना नोंदवली, तर पुढे दर वेळी थोडी वेगळी उमटते, जुळत नाही आणि पैसे अडकतात. सलग तीस दिवस वहीत सारखी सही आली की मगच बँकेत जा.

*सावधान:* सही आल्यावरचा पहिला धोका म्हणजे कुठेही सही करणं. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्लिपेवर सही नाही. आधी रकमेचा आकडा स्वतः वाचायचा. फोनवर आलेला ओटीपी बँकवाल्यालाही सांगायचा नाही. हे तीन नियम भिंतीवर लावा आणि दर सोमवारी वर्गाकडून वाचून घ्या.

टप्पा १०. चाचणी

पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान चाचणी १५० गुणांची: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात, म्हणजे १७ गुण. राज्यात ती १७ मार्च २०२४ आणि २३ मार्च २०२५ रोजी, दोन्ही वेळा रविवारी झाली.

इथे शिकण्यापेक्षा कागद नडतात. नोंदणीतलं नाव आधारवरच्या नावाशी जुळवून पाहा. ‘बाई’ एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, हे सर्रास असतं. शिकणाऱ्याची ॲपवर नोंद झाली, पण स्वयंसेवकाशी जोडणी राहिली, हेही नेहमीचं. दोन्ही गोष्टी जानेवारीत शाळेत बसून पाहा, मार्चमध्ये कुणाला वेळ नसतो.

सरावाच्या दोन चाचण्या घ्या, दुसरी खऱ्या केंद्रावर बसवून. छापील प्रश्नपत्रिका पहिल्यांदाच पाहणारी व्यक्ती प्रश्नावरच उत्तर गिरवते किंवा रिकामी जागा सोडून देते. चाचणीच्या दिवशी ओळखपत्र, दोन पेन आणि चष्मा. चष्मा सर्वांत जास्त विसरला जातो.

टप्पा ११. एप्रिलनंतर

वर्ग संपून तीन-चार महिने हातात काही आलं नाही की जोडाक्षरं आधी जातात, मग मात्रा-वेलांट्या. म्हणून प्रमाणपत्राची वाट न पाहता आठवड्यातून एक दिवस चालू ठेवा. बचत गटाची इतिवृत्ताची वही पाळीपाळीने लिहायला द्या: तारीख, हजर किती, जमा किती, एवढ्या तीन ओळी पुरतात. ज्यांना पुढे शिकायचं आहे त्यांच्यासाठी राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवी आहे. नोंदणीची मुदत शाळेतून विचारून घ्या. आणि जिची गती सगळ्यांत चांगली, तिला पुढच्या वर्षीच्या वर्गात स्वयंसेवकाशेजारी बसवा. घ आणि ध कसे वेगळे लक्षात ठेवले, हे ती शिक्षकापेक्षा सोपं करून सांगते.